बस्तरच्या सहली काढणाऱ्यांना खुले पत्र: कुटुमसरच्या गुहेत एका वेळी बाराच माणसे न्या

प्रति,
बस्तरला पर्यटक नेणारे महाराष्ट्रातले सहल संयोजक, शाळा-कॉलेजांचे सहल प्रमुख आणि ट्रेकिंग ग्रुपचे लीडर यांस,

सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरू लागला की बस्तर सहलींची पत्रके फिरू लागतात. चित्रकोटचा धबधबा, तीरथगड, दंतेवाड्याची दंतेश्वरी, आणि या यादीत हमखास कुटुमसरची गुहा, म्हणजेच कोटमसर. छत्तीसगडमधल्या जगदलपूरपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात ही चुनखडकातली नैसर्गिक गुहा आहे. आत अधोमुखी (छतातून लटकणारे) आणि ऊर्ध्वमुखी (जमिनीवरून वर वाढणारे) लवणस्तंभ आहेत, आणि अंधारात साचलेले डोह आहेत. त्या डोहांत डोळे क्षीण झालेले किंवा अजिबात नसलेले मासे राहतात. तुमची माणसे हे सगळे पाहायला येतात आणि त्यांनी ते पाहावे असेच आम्हालाही वाटते. गुहा, गुहेतले पाणी आणि त्यातले जीव हा आमचा अभ्यासाचा विषय आहे, आणि तुमच्याकडे मागणे एकच: एका वेळी बारापेक्षा जास्त माणसे आत नेऊ नका. ते जमत नसेल तर कुटुमसर यादीतून काढा. एवढे टोकाचे का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

आपल्याकडच्या माणसाला गुहा म्हटले की अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे डोळ्यांपुढे येतात. ती बेसॉल्टमध्ये माणसांनी कोरलेली लेणी आहेत. समोरून उघडी असतात आणि वारा आत-बाहेर करतो. कुटुमसर तशी नाही. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडक विरघळवत खाली जाते. त्यातूनच ही पोकळी झाली. तेच पाणी छतातून थेंबाथेंबाने गुहेत येते, थेंबातला कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो, आणि विरघळलेला चुना कॅल्साइट या खनिजाचा थर होऊन मागे राहतो. लवणस्तंभ असे वाढतात. वाढीचा वेग सगळीकडे सारखा नसतो, पण वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग हा अनेक गुहांसाठी बरा अंदाज आहे. म्हणजे सेंटीमीटरभर उंचीला शंभर वर्षे.

आता या व्यवस्थेत बसभर माणसे सोडा. हलकी हालचाल करणारा माणूस ताशी साधारण वीस लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. चाळीस जण पाऊण तास आत राहिले तर सहाशे लिटर झाला. माणसाच्या अंगातून शंभर वॉट उष्णता सतत निघत असते, चढउतार करताना त्याहून जास्त. चाळीस जणांची मिळून चार किलोवॉट, म्हणजे घरातले दोन गिझर पाऊण तास चालू ठेवल्यासारखे. गुहेतली हवा आधीच वाफेने भरलेली असते. श्वासातली वाफ भिंतीवर थंडावते, त्या पाण्यात तुमचाच कार्बन डायऑक्साइड विरघळतो, आणि हे सौम्य आम्ल कॅल्साइटचा पृष्ठभाग खायला लागते. शिवाय हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की छताच्या थेंबातून तो सुटायला तयार नसतो. म्हणजे नवा थर बसणे मंदावते आणि जुना झिजतो, दोन्ही एकदम.

फ्रान्समधल्या लास्कोचे उदाहरण जगभर दिले जाते ते उगाच नाही. १९४० साली सापडलेली ही चित्रगुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. दिवसाला हजारावर माणसे येऊ लागली. भिंतींवर हिरवे शेवाळ धरले, पांढरी कॅल्साइटची साय चढली, आणि १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. पंधरा वर्षांत एवढे झाले.

कुटुमसरची रचना याबाबतीत आणखी नाजूक आहे. तोंड अरुंद, आणि तिथून वाट थेट खाली उतरते. हिवाळ्यातल्या रात्री बाहेरची थंड, जड हवा या तोंडातून आत ओघळते आणि आतली उबदार हवा वर ढकलते. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत गुहेला दर रात्री थोडा तरी श्वास मिळतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस अंश, आत अठ्ठावीसच्या आसपास. आतली हवाच जड, ती तळाशी बसून राहते आणि बाहेरची गरम, हलकी हवा आत यायला धजत नाही. दिवसभराच्या पर्यटकांनी सोडलेले सगळे तिथेच साचते. उन्हाळ्यात आत गेलेल्यांना जीव घाबरा झाल्यासारखे वाटते, त्याचे अर्धे कारण हे आहे. म्हणून शाळेच्या सुट्टीतल्या मे महिन्याच्या सहलीत कुटुमसर ठेवूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ माणसांनाही बरा आणि गुहेलाही.

पाण्याची गोष्ट हवेपेक्षाही महत्त्वाची आहे, आणि सहलीच्या माहितीपत्रकात ती कधीच नसते. पावसाळ्यात गुहेत पूर येतो, म्हणून त्या महिन्यांत ती बंद असते. हा पूर पालापाचोळा, काटक्या, गाळ आत आणतो. सूर्यप्रकाश नसलेल्या जागी वनस्पती नाहीत, त्यामुळे वर्षभराचे अन्न म्हणजे हाच पाला आणि वटवाघळांची विष्ठा. त्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांच्यावर बारीक किडे जगतात आणि त्या किड्यांवर मासे. पूर ओसरला की पाणी सुट्या-सुट्या डोहांत मागे राहते आणि पुढच्या पावसापर्यंत हलत नाही. थोडक्यात, गुहा तुमच्यासाठी उघडी असते नेमक्या त्याच महिन्यांत तिचे पाणी साचलेले असते. नोव्हेंबरात डोहात पडलेला बिस्किटाचा चुरा, सनस्क्रीन, टिश्यूचा बोळा पुढच्या जूनपर्यंत तिथेच राहणार. खरे तर बिस्किटाचाच त्रास सर्वांत जास्त. कोणीतरी कौतुकाने माशाला मुरमुरे टाकतो. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात, आणि या डोहांत तो मुळातच कमी असतो.

तो मासा जवळून कसा दिसतो ते सांगायला हवे, कारण पर्यटकांनी काय शोधायचे हे कुणी नीट सांगत नाही. बोटाच्या पेरांएवढी सडपातळ काया, तोंडाजवळ मिशा. अंगात रंगद्रव्य जवळजवळ नाही, म्हणून त्वचेतून रक्त दिसते आणि मासा फिकट गुलाबी भासतो. सगळे मासे सारखे आंधळे नसतात. काहींना बारीक डोळे दिसतात, काहींचे त्वचेखाली गेलेले, काहींना काहीच नाही. तळाशी दगडांना धरून असतो आणि मधूनच पृष्ठभागावर येऊन हवा घोटतो. या माशाला इंडोरिओनेक्टिस एव्हझार्डी या जातीतला मानतात. आणि ही जात शास्त्रात नोंदली गेली ती पुण्यातून! ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. तिचे डोळस, ठिपकेदार भाऊबंद आजही सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या गोट्यांखाली आहेत. पुण्याहून येणाऱ्या ग्रुपला आधी हे सांगा. आत गेल्यावर ते डोहाकडे वेगळ्या नजरेने पाहतील.

मासा पाहायचा तर पाण्यावर टॉर्च रोखायचा नाही. तीव्र झोत आणि काठावरची धपधप जाणवली की तो दगडाखाली जातो. काठापासून हातभर मागे, गुडघ्यांवर बसून, दिव्याचा झोत शेजारच्या भिंतीवर टाकायचा. भिंतीवरून परतणारा उजेड पुरेसा असतो. दोन-तीन मिनिटे गप्प राहिले की मासा हवेसाठी आपणहून वर येतो. काडीने पाणी ढवळणे, ओंजळीत पकडून दाखवायचा वाटाड्याला आग्रह करणे, दोन्ही बंद. आणि जाहिरातीत ‘आंधळे मासे नक्की पाहा’ असे छापू नका. एकदा वचन दिले की ते पाळायची जबरदस्ती शेवटी त्या गरीब वाटाड्यावर येते.

डोहात हात धुण्याची सवय हे दुसरे दुखणे. उतरताना आधारासाठी हात टेकतात, हाताला चिखल लागतो, आणि पहिले पाणी दिसले की माणूस वाकून हात खळबळतो. त्या हातावर सकाळचे ओडोमॉस असते. प्रत्येकाच्या खिशात एक जुना रुमाल द्या, तेवढ्याने हा प्रश्न सुटतो.

आता गर्दीच्या हिशोबाकडे. आत जायची आणि यायची वाट एकच, ठिकठिकाणी अरुंद. दोन तुकड्या समोरासमोर आल्या की एका तुकडीला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, आणि लवणस्तंभांना हात, पाठ, डोके लागते ते नेमके तेव्हा. हाताचे तेल लागलेली जागा काळी पडते, आणि तेलकट पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर नीट पसरत नाही, मग तिथली वाढ थांबते. त्यामुळे पंधरा-पंधरा मिनिटांनी एकेक तुकडी सोडणे हा उपाय नव्हे. पहिली तुकडी बाहेर आल्यावरच दुसरी आत जावी. चाळीस जणांच्या चार तुकड्या, प्रत्येकी पाऊण तास, मध्ये दहा मिनिटे: साडेतीन तास लागतील. एवढा वेळ बसमध्ये कोण थांबणार, असे म्हणाल. थांबवू नका. निम्मी माणसे कांगेर नदीवरच्या कांगेर धारेकडे पाठवा, दुपारी अदलाबदल करा. मात्र तीरथगडचा धबधबा गुहेच्या आधी ठेवू नका. भिजलेले कपडे आणि ओले बूट घेऊन लोक आत शिरतात, सगळी पायवाट राडा होते, मागचा घसरतो, घसरताना जे हाताला लागेल ते धरतो. पहिले काम गुहा, नंतर धबधबा. एकाच दिवसात चित्रकोट, तीरथगड आणि कुटुमसर हे तिन्ही उरकायचा बेत तर सोडूनच द्या.

उजेडाबद्दल. बारा जणांना तीन दिवे पुरतात: पुढे वाटाड्याचा, मध्ये एक, शेवटी एक. एलईडीचा, पिवळसर छटेचा, शंभर-दीडशे ल्युमेनचा हेडलॅम्प चांगला. हात मोकळे राहतात. प्रत्येक दिव्याला जादा सेल ठेवा. पेट्रोमॅक्स किंवा रॉकेलवर चालणारे काहीही नको, त्याची काजळी भिंतीवर कायमची बसते. मोबाइलचे टॉर्च खिशात. चाळीस मोबाइलचा उजेड कुणाच्याही कामाचा नसतो, तो फक्त डोळ्यांवर येतो आणि वटवाघळे उठवतो. फ्लॅश बंद. अजिंठ्यात आपण फ्लॅशबंदी बिनतक्रार पाळतो, इथे का पाळू नये? आत कायमस्वरूपी विजेचे दिवे बसवा अशी मागणीही अधूनमधून होते. कृपा करून तिला पाठिंबा देऊ नका. कायम दिवा लागला की त्याच्या भोवती शेवाळ उगवते, मग शेवाळ काढायला रसायन लागते, आणि ते रसायन ठिबकून डोहात उतरते.

युरोपात भूमिगत तळ्यावर नावा चालतात, तिथे कसे चालते, असे विचारणारेही भेटतात. स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या द्राक गुहेत मार्तेल तळे आहे, शंभर मीटरहून लांब. १९३५ पासून तिथे दिव्यांचा खेळ आणि नावेतून वादन होते. पण ते पाणी समुद्राशी जोडलेले आहे आणि दालने प्रचंड आहेत. स्वित्झर्लंडच्या सेंट-लिओनार्डचे तळे तीनशे मीटर लांब. १९४३ मध्ये शोधले गेले, १९४६ च्या भूकंपानंतर पाण्याची पातळी उतरली आणि १९४९ मध्ये ते लोकांना खुले झाले. २००० साली छताच्या सुरक्षेसाठी ते बंद केले आणि काम करून २००३ मध्येच पुन्हा उघडले. तीन वर्षांचे तिकिटांचे उत्पन्न त्यांनी सोडले. त्या तळ्यांशी कुटुमसरच्या डोहांची बरोबरी होत नाही. हे डोह लहान, साचलेले, आणि त्यांत जगणारी वस्ती दुसरीकडे कुठे हलवता येणारी नाही. एक बिनडोळ्यांची जमात अशा पाण्यात घडायला किती पिढ्या लागल्या असतील, याचा विचार करा. इथल्या रातकिड्याचीही तीच गोष्ट. केम्पिओला शंकरी हे त्याचे नाव १९५० च्या दशकात ही गुहा अभ्यासणारे भूगोलतज्ज्ञ शंकर तिवारी यांच्यावरून दिले आहे.

गुहेच्या आतल्या टोकाला एका लवणस्तंभाची शिवलिंग म्हणून पूजा होते. श्रद्धेबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. हात जोडावेत, डोळे मिटावेत. पण अगरबत्ती, कापूर, दूध, कुंकू, नारळ आत नेऊ नका. धूर बाहेर पडायला जागा नाही, आणि दुधा-साखरेवर बाहेरची बुरशी आणि मुंग्या येतात, त्या गुहेतल्या जिवांना हुसकावतात. पूजेचे साहित्य गाडीतच ठेवा आणि हे बसमध्येच सांगा. दाराशी पोचल्यावर सांगितले तर वाद होतो.

याच उद्यानात कैलास आणि दंडक या गुहाही आहेत. एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाणार असाल तर मधल्या मुक्कामी बुटांचे तळवे ब्रशने आणि साध्या पाण्याने धुऊन उन्हात कडक वाळवा. चिखलाबरोबर एका गुहेतले जिवाणू दुसरीत जातात. हे धुणे कांगेर नदीत करू नका.

दंडक गुहेचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या एका लवणस्तंभाचे थर युरेनियम-थोरियम पद्धतीने कालनिश्चित करून, त्यांतल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या प्रकारांचे प्रमाण मोजून, इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांच्या मॉन्सूनचा आलेख काढला गेला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या आणि पंधराव्या शतकातले कमजोर पावसाचे दीर्घ काळ त्यात दिसतात. आपल्याकडे ज्याला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात, १३९६ ते १४०७ चा, तो याच काळातला. महाराष्ट्राच्या इतिहासातल्या सगळ्यात भीषण दुष्काळांपैकी एकाच्या काळातला पाऊस बस्तरच्या दगडात वाचता येतो. कुणी आठवण म्हणून लवणस्तंभाचे टोक मोडून खिशात टाकतो, तेव्हा तो अशीच एखादी वही फाडत असतो. शिवाय राष्ट्रीय उद्यानातून दगडाचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे, हेही बसमध्ये सांगा.

आत नेणारे वाटाडे आसपासच्या गावांतली मुले आहेत, बरीचशी धुरवा या आदिवासी समाजाची. बारा जणांच्या चार तुकड्या म्हणजे त्यांना चार फेऱ्या. त्याचे पैसे माणशी खर्चात आधीच धरा आणि दाराशी घासाघीस करू नका. त्यांनी ‘आता पुढे नको’ म्हटले की तिथून परत फिरायचे. आत कुठे पाणी वाढले, कुठे चिखल धसतो, हे त्यांना कळते. तुमच्या लीडरला नाही. बिगरमोसमी पाऊस झाला असेल तर त्या दिवशीची गुहा रद्द, पैसे परत. ही अट तिकिटाच्या पावतीवरच छापा.

मोठी बस, पन्नास-साठ माणसे, त्यांत निम्मे ज्येष्ठ नागरिक असतील तर त्यांना आंध्रातल्या बोर्रा गुहेत न्या. जगदलपूर-कोरापूट-अराकू-विशाखापट्टणम या रेल्वेमार्गावर बोर्रा गुहालू नावाचे स्टेशनच आहे. आपल्या बऱ्याच सहली नाहीतरी त्याच गाडीने अराकूला जातात. तिथे प्रशस्त दालन, पायऱ्या, कठडे आणि विजेचे दिवे आहेत. आंध्रच्या दक्षिणेकडे जाणाऱ्यांना नंद्याल जिल्ह्यातले बेलम आहे: मोजलेली लांबी ३,२२९ मीटर, त्यांतले सुमारे दीड किलोमीटर लोकांसाठी खुले, आत हवा खेळवण्याची सोय, आणि तळाशी पाताळगंगेचा झरा. गुहा पाहण्याची हौस तिथे उत्तम भागते.

नोव्हेंबरच्या सहलीचे पैसे घेण्याआधी माहितीपत्रकात खालचा मजकूर जसाच्या तसा घाला, आमची हरकत नाही:

‘कुटुमसरला उतरायच्या पायऱ्या खड्या आणि ओल्या आहेत, वाट काही ठिकाणी वाकून जाण्याइतकी बुटकी आहे. दमा, हृदयविकार, गुडघेदुखी, बंद जागेची भीती असलेल्यांनी बाहेर थांबावे; त्यांच्यासाठी दुसरा कार्यक्रम आहे. वटवाघळांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना घातक ठरू शकते, मास्क लावा आणि तो घरी परत न्या. कोल्हापुरी चपला, सॅंडल, टाचांचे बूट चालणार नाहीत. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. पाठपिशव्या, खाऊ, पाण्याशिवाय इतर पेये बसमध्ये राहतील. आत जाण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. आत ती सोय नाही आणि अडचण आली तर संपूर्ण तुकडी परत फिरेल. लहान मुलाचा हात एका मोठ्या माणसाने धरलेला असावा. ठरलेल्या वेळी तुमची तुकडी बाहेर आली नाही, तर पुढच्या तुकडीची वेळ कमी होणार नाही, तुमचा पुढचा कार्यक्रम कमी होईल.’

शेवटचे वाक्य कडक वाटेल, पण ते गाळू नका. वेळ पाळली गेली तरच दोन तुकड्या वाटेत समोरासमोर येत नाहीत.

आपले नम्र,
गुहा आणि गुहेतल्या पाण्याचे अभ्यासक